पाण्यातला पालक

"हे मीठ हाय ना व, मॅडम?"

मी टाकीतलं पाणी काठीने ढवळत होते. काठी हातातच राहिली. द्वारकाबाई गावंडे शेडच्या दारात उभ्या होत्या. एका हातात तोंड सुटलेली पिशवी, दुसऱ्या तळहातावर पांढऱ्या दाण्यांची चिमूट. ती चिमूट त्यांनी ओठांजवळ नेली.

"काकू, तोंडात घालू नका!" मी ओरडलेच.

त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तळहाताकडे, आणि दाणे सावकाश पिशवीत परत झटकले.

"माणसानं तोंडात घालू नये, ते तू भाजीले पाजून राहिली," त्या म्हणाल्या. "अन् आमाले सांगतं, टॉनिक हाय म्हून."

त्यांच्या मागे कामावर आलेल्या सहा बाया उभ्या होत्या. द्वारकाबाईंनी पिशवी उंबऱ्याशी ठेवली, हात पदराला पुसला आणि वळल्या. "चाला बायांनो," एवढंच म्हणाल्या, आणि सगळ्याजणी त्यांच्यामागे निघून गेल्या. मी पाण्याच्या पंपाचा आवाज ऐकत एकटीच उभी राहिले.

याला आता चौदा वर्षं होतील. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. माझं नाव उल्का पिसाळ, मूळची वाईची. शेतकी पदव्युत्तर शिक्षण झालं आणि एका संस्थेने मला अकोल्याकडे पळसखार नावाच्या गावात पाठवलं. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना तिथे खारपाणपट्टा आहे. विहीर कितीही खोल खणा, पाणी खारटच लागतं. ते पाणी भाजीला दिलं तर पानांच्या कडा करपतात आणि जमीन वाळली की वर पांढरी पूड दिसते. ज्वारी, कापूस, तूर पावसावर येतात. हिरवी भाजी मात्र बाजारातून, आठवड्यातून एकदा, अर्धी कोमेजलेली.

संस्थेची कल्पना चांगली होती. पावसाळ्यात शेततळ्यात पाणी साठवायचं आणि मातीशिवाय भाजी करायची. शेडमध्ये पाइपांच्या ओळी, पाइपांना भोकं, भोकांत रोपं. मुळं पाइपात लोंबतात आणि झाडाला लागणारी अन्नद्रव्यं विरघळवलेलं पाणी पंपाने त्यांच्यावरून फिरत राहतं. शेताला लागतं त्याच्या दहाव्या हिश्शाइतक्या पाण्यात पालक येतो. तो गावच्या अंगणवाडीत आणि शाळेच्या खिचडीत जायचा होता. पहिली खेप गेली त्या दिवशी अंगणवाडीतल्या बाईंनी हिरव्या खिचडीचं पातेलं मला मुद्दाम बोलावून दाखवलं होतं.

आता ती अन्नद्रव्यं म्हणजे क्षारच. कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि आणखी थोडं थोडं काय काय. दिसायला सगळं मिठासारखं. मिठाला या गावात काय अर्थ आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. इथे घरोघर कुणाला ना कुणाला मूत्रपिंडाचा त्रास. तो पाण्यामुळेच होतो की आणखी कशाने, यावर डॉक्टरांचं एकमत नव्हतं, पण गावाचं होतं. म्हणून बायांनी पिशव्यांत काय आहे विचारलं तेव्हा मी म्हटलं, "झाडांचं टॉनिक." एकदा म्हटलं, आणि मग रोज तेच म्हणत राहिले.

त्या दुपारी मी पुण्याला कारखानीस सरांना फोन करून झालेलं सांगितलं. दिलीप कारखानीस संस्थेचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. शेततळ्यासाठी वर्षभर वणवण केलेली होती त्यांनी.

"उलट बरंच झालं," ते म्हणाले. "वीस डिसेंबरला पाहुणे येतायत. दुसरी शेड त्यांच्याच मदतीने उभी राहायची आहे. माहितीपत्रक छापून झालंय, त्यात 'शंभर टक्के सेंद्रिय' असं आहे."

"सर, पण ते खरं नाही."

"मग खरं करा. या बाया शेण-गोमूत्राचं काहीतरी करतात ना? ते टाका पाण्यात. बायाही खूश, पाहुणेही खूश."

"सर, पाण्यात ते तसं चालत नाही. मातीत ठीक आहे, पण—"

"उल्का, लोकांना एक शब्द हवा असतो. तुम्ही शास्त्रवाल्या लोकांना हे कळत नाही. प्रयत्न तर करा."

मी "बघते" म्हणाले. चूक तिथे झाली. मला ठाऊक होतं काय होणार ते.

मी द्वारकाबाईंना निरोप पाठवला की आपण तुमचं खत वापरू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हजर. डोक्यावर निळं पिंप, मागे रंजना तायडे दुसरं पिंप घेऊन. रंजना कामावरच्या बायांत सगळ्यांत लहान, माझ्याच वयाची.

"शेण, गोमूत्र, गूळ, बेसन अन् माह्या वाफ्यातली मूठभर माती," द्वारकाबाईंनी सांगितलं. "वाफ्यासाठी पाच दिवस मुरवलंच होतं. फडक्यानं दोनदा गाळलं. आता पाय तुहा पालक कसा उठते ते."

त्या किती आनंदात होत्या ते मला आजही दिसतं. टाकीत खत ओतताना त्यांनी पदर खोचला होता आणि एकेका रोपाजवळ जाऊन काहीतरी पुटपुटत होत्या. बायांनी पुन्हा कामाला हात लावला. मीही हसले. पिशव्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवशी टाकीवर फेस आला. पाचव्या दिवशी शेडमध्ये शिरताना नाकाला पदर लावावा लागला. पाइपात पाणी येण्याची बारीक भोकं बुजायला लागली. रंजना सुईने ती मोकळी करायची आणि तासाभरात ती पुन्हा बुजायची. आठव्या दिवशी पानं पिवळी पडली. दहाव्या दिवशी शाळेला भाजी गेली नाही. खिचडी पांढरी झाली.

त्या सकाळी द्वारकाबाई एकट्याच लवकर आल्या. मी पोचले तेव्हा त्यांनी एक रोप उपटून हातात धरलं होतं. पांढरीशुभ्र असायला हवीत ती मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती. बोटाने ओढली तर साल निघून येत होती.

"माह्या वाफ्यात मी हेच टाकते," त्या म्हणाल्या. "तिथं पान असं होते." त्यांनी पंजा पसरून दाखवला. "इथं काहून मेलं?"

मला वाटलं, त्या माझ्यावर आरोप करतायत, मी कपाटातलं काही गुपचूप घातलं म्हणून. पण तसं नव्हतं. त्या खरंच विचारत होत्या. त्यांच्या हातून झाड मेलं होतं आणि का मेलं ते त्यांना समजत नव्हतं.

"मला माहीत होतं, काकू," मी म्हटलं.

"काय माहीत होतं?"

"हे असं होणार ते. खत पाण्यात सडतं. ते सडताना पाण्यातली हवा संपते आणि मुळं गुदमरतात."

मग रोप त्यांनी हळूच खाली ठेवलं, एखादी वस्तू परत जागेवर ठेवावी तसं.

"मंग बोलली काहून नाई?"

"सरांनी सांगितलं होतं... आणि तुम्ही चिडाल म्हणून."

"पयले मले टॉनिक सांगतलं. मंग माहं खत डोळ्यादेखत सडू देलं. दोन्ही बारीनं तोंड बंद." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मी सातवी शिकली व पोरी. पन सांगतलेलं समजते मले. तू सांगून तर पायतं!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली म्हणून मी तोंड फिरवलं. त्यांनी ते पाहिलं असावं.

"चाल माह्या घरी," त्या म्हणाल्या. "तिथं सांग. तिथं माहा वाफा हाय. समोरासमोर सांग."

तीन महिन्यांत मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. अंगणात विटांनी बांधलेले चार उंच वाफे होते. त्यांतली माती त्यांनी दोन कोसांवरच्या टेकाडावरून बैलगाडीने आणलेली, आणि पाणी छपरावरून पिंपात धरलेलं. त्या वाफ्यांमधला पालक मी माझ्या विद्यापीठातही पाहिला नव्हता. काळसर हिरवा, जाड, पानावर पाणी टाकलं तर घरंगळत जाईल असा. माती बोटाने उकरली तर गांडुळं निघत होती.

ओसरीत बाजेवर त्यांचे यजमान बसले होते. उत्तमराव गावंडे, सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. अंगावरचा सदरा दुसऱ्या कुणाचा असावा इतका मोठा वाटत होता. शेजारी पाण्याची बाटली होती आणि तिच्यावर पेनाने आडव्या रेघा मारलेल्या. मी बघतेय हे पाहून ते हसले.

"दिवसाला एवढंच पाणी. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत दोन तास," ते म्हणाले. "माझं घड्याळ आहे ते."

मी शेडमधून टाकीतलं बाटलीभर पाणी, थोडे दाणे आणि नायट्रेट तपासायच्या पट्ट्या आणल्या होत्या. झाडाला लागणारं नत्र पाण्यात असलं की पट्टीचं टोक गुलाबी होतं. मी तीन पेले मागितले. पहिल्यात आमच्या टाकीतलं शेणखताचं पाणी ठेवलं. दुसऱ्यात कपाटातल्या पिशवीतले दाणे विरघळवून पातळ केलेलं पाणी. तिसऱ्यात द्वारकाबाईंच्या वाफ्यातली मूठभर माती घेतली, पावसाच्या पाण्यात कालवली आणि फडक्यातून गाळली.

"हे तिसरं माहं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं."

पट्ट्या बुडवल्या. मिनिटभर थांबायचं असतं. गुरुजींनी चष्मा लावला आणि रंगांचा तक्ता हातात घेऊन ते पुढे वाकले. वर्गात प्रयोग चालू असावा तसे.

पहिली पट्टी जवळजवळ पांढरीच राहिली. दुसरी गुलाबी झाली. तिसरी हळूहळू रंगत गेली आणि दुसरीच्या शेजारी धरली तेव्हा दोघींत फरक सांगता येईना.

"द्वारका," गुरुजी म्हणाले, "तुझं आणि हिचं सारखंच निघालं."

द्वारकाबाईंनी पट्ट्या हातात घेतल्या, उन्हात नेऊन पाहिल्या, उलटसुलट केल्या. "मी तर वाफ्यात ह्या दाण्याचा कण टाकला नाई."

"नाहीच टाकला," मी म्हटलं. "झाड शेण खात नाही, काकू. तुम्ही शेणखत घालता, ते मातीतले जिवाणू खातात. त्यांनी ते फोडून बारीक केलं की शेवटी जे उरतं ते हे. तेच झाड मुळातून ओढून घेतं. मातीत ते काम करणारे कोट्यवधी जीव आहेत. आमच्या पाइपात कुणीच नाही. म्हणून तिथे मला ते तयारच द्यावं लागतं, पिशवीतून."

द्वारकाबाईंनी थोडा विचार केला. "म्हंजे माह्या वाफ्यात स्वयंपाक करनाऱ्या हायेत. अन् तुह्या पाण्यात मी कोरडं पीठच टाकलं."

"हो. अगदी तसंच."

"अन् ते विहिरीतलं मीठ?"

"ते वेगळं. दिसायला तसंच, पण झाडाला त्याचा उपयोग नाही, उलट त्रास. माझ्या पिशवीत ते नाही. पण एक खरं सांगते. माझंही जास्त झालं तर जमीन बिघडतेच. टाकी बदलताना जुनं पाणी आम्ही मागच्या पडीक जागेत सोडतो."

"मले माहीत हाय. तिथं गवत जळून राहिलं. मी पायलं." त्या थांबल्या. "म्हूनच तर पिशवी उघडली मी."

मी ते जळलेलं गवत पाहिलंच नव्हतं. तीन महिने त्या शेडमध्ये काम करत होते आणि मागे एकदाही गेले नव्हते.

गुरुजी मात्र अजून पट्ट्यांकडेच बघत होते. "मला एक विचारायचंय," ते म्हणाले. "मातीत काय काय आहे हे द्वारकाला सांगता येणार नाही. खत घातलं की त्यातलं सगळंच झाडाला मिळणार. पण तुम्ही पाण्यात एकेक वस्तू मोजून टाकता. बरोबर?"

"बरोबर, गुरुजी."

"मग एखादी वस्तू टाकलीच नाही तर?"

"कुठली?"

ते उठले, भिंतीवरच्या फळीवरून एक फाइल काढली आणि त्यातला कागद माझ्यापुढे धरला. अकोल्याच्या डॉक्टरांनी दिलेली पथ्याची यादी होती. काय खायचं, काय नाही. 'पालेभाज्या' या शब्दावर फुली, आणि शेजारी लिहिलेलं: पोटॅशियम जास्त. त्याच्याखाली दोन रेघा.

"मूत्रपिंड ते बाहेर टाकत नाही माझं," ते म्हणाले. "रक्तात साठतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबू शकतं. तीन वर्षं झाली."

मी अंगणातल्या त्या काळसर हिरव्या वाफ्यांकडे पाहिलं. मग द्वारकाबाईंकडे. त्या दुसरीकडे बघत होत्या.

आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं होतं की परदेशात मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी अशी भाजी करतात. रोप मोठं होईपर्यंत सगळं द्यायचं. शेवटचे दोन आठवडे पोटॅशियम बंद करायचं. झाड आधीचा साठा पुरवून वापरतं आणि पानांमधलं प्रमाण उतरतं. मी ते वहीत लिहून घेतलं होतं आणि विसरून गेले होते. तेव्हा मला ती श्रीमंत देशांची चैन वाटली होती.

"करता येईल," मी म्हटलं. "निदान करून पाहता येईल. पण तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. आणि प्रयोगशाळेतून तपासून आल्याशिवाय एक पानसुद्धा नाही."

"तीन वर्षं थांबलो," गुरुजी म्हणाले, "आणखी थोडं थांबतो."

गुरुजींचे डॉक्टर मेहरे फोनवर आधी खूप चिडले. रुग्णांवर प्रयोग करू नका म्हणाले. मग मी सगळं नीट सांगितलं तेव्हा म्हणाले, "आकडा आणा. आकडा बघून मी ठरवीन. फक्त या एका रुग्णापुरतं, बाकी कुणाला वाटायचं नाही."

आम्ही टाक्या रिकाम्या केल्या, पाइप धुतले. या वेळी पाणी मागे सोडलं नाही. द्वारकाबाईंच्या सांगण्यावरून पातळ करून थोडं थोडं खताच्या खड्ड्यांवर शिंपडलं. दोन ओळी गेल्या होत्या, त्या उपटून टाकल्या. बाकीच्या चार ओळींना नवी पांढरी मुळं फुटायला लागली. शेवटच्या ओळीला मी वेगळी छोटी टाकी लावली. ती गुरुजींची.

आणि मी शेडच्या दारात एक फळा लावला. गुरुजींनी शाळेतून मागून आणलेला. कुठल्या पिशवीत काय आहे, ते झाडाला कशाला लागतं, किती टाकायचं, सगळं गुरुजींनी त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं. ते दर दहा मिनिटांनी खुर्चीवर बसायचे, पुन्हा उठायचे. बाया वाचत उभ्या राहिल्या. रंजनाने विचारलं, "मॅडम, एवढंच होतं तर आधी काहून नाई सांगतलं?" मी वजनकाटा तिच्याकडे सरकवला. त्या दिवसापासून द्रावण बायाच करायला लागल्या, वजनकाट्यावर मोजून. माझ्यापेक्षा नीट करायच्या.

वीस डिसेंबरला पाहुणे आले. चौघेजण होते. कारखानीस सर सकाळीच येऊन मला बाजूला घेऊन म्हणाले, "फळा काढा."

"सर, तो बायांना रोज लागतो."

"आजच्या दिवस काढा, उल्का."

मी काढला नाही. पण त्यावर गोणपाट टाकलं. माझं धैर्य तेवढंच होतं.

पाहुण्यांमध्ये पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. संस्थेला मदत करायचा निर्णय त्यांच्याच हातात होता. त्यांनी पालकाचं पान तोडून हुंगलं, हातातलं माहितीपत्रक पाहिलं आणि मला विचारलं, "म्हणजे हे शंभर टक्के सेंद्रिय, हो ना? कसलंच रसायन नाही?"

सर माझ्याकडे पाहत होते. द्वारकाबाईही. त्या काही खुणावत नव्हत्या. नुसत्या पाहत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "हे सेंद्रिय नाही. आम्ही झाडांना क्षार देतो. मोजून."

सरांचा चेहरा उतरला. त्या बाईंनी पान खाली ठेवलं. मी पुढे बोलू लागले, पण शब्द एकमेकांत अडकले. जिवाणू, नायट्रेट, असं काहीतरी बोलत राहिले. तेव्हा द्वारकाबाई पुढे आल्या आणि त्यांनी फळ्यावरचं गोणपाट ओढून काढलं.

"बाई, मी सेंद्रियवाली हाय," त्या म्हणाल्या. "माह्या घरी चला, वाफा दाखवते. मातीत मी ह्या पिशवीतला दाना टाकू देनार नाई. पन इथं माती नाई. इथं म्या माहं खत टाकलं, तं दहा दिवसांत सारं सडलं. पोरायची भाजी बंद झाली. तवा हे लिवलं हाय ते वाचा. लपवाचं त्यात काई नाई."

त्या बाईंनी फळा वाचला, अगदी वरपासून खालपर्यंत. काही प्रश्न विचारले. द्वारकाबाईंच्या घरी जाऊन वाफेही पाहिले, तिथला पालक पिशवी भरून नेला. पण जाताना सरांना म्हणाल्या की आमच्या न्यासाचं धोरण सेंद्रियपुरतंच आहे. दुसरी शेड काही झाली नाही. सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मग त्यांनी उरलेली माहितीपत्रकं पार्सलने पाठवली आणि चिठ्ठीत एकच ओळ लिहिली: 'त्या तीन शब्दांवर कागद चिकटवून घ्या.' बायांनी ओसरीत बसून हसत हसत ते काम केलं.

प्रयोगशाळेचा अहवाल त्यानंतर चार-पाच दिवसांनी आला. गुरुजींच्या ओळीतल्या पालकात पोटॅशियम नेहमीच्या निम्म्याहून कमी होतं. मी आकडा डॉक्टर मेहऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो मला दोनदा वाचायला लावला.

"आठवड्यातून एक छोटी वाटी," शेवटी ते म्हणाले. "पानं चिरून उकळायची, ते पाणी फेकून द्यायचं, मग शिजवायची. त्या दिवशी बटाटा, टोमॅटो काही नाही. आणि दहा दिवसांनी रक्त तपासायला या."

पालक मी स्वतः कापला. द्वारकाबाईंनी मला जेवायलाच बसवलं. भाजीला त्यांनी लसणाची फोडणी दिली, ज्वारीची भाकरी, बाकी काही नाही. गुरुजींच्या ताटात एक छोटी वाटी. ती त्यांनी हातात घेऊन वास घेतला, खाली ठेवली आणि द्वारकाबाईंना म्हणाले, "तुझं ताट आण."

"तुमी जेवा आधी."

"आण म्हणतोय ना."

त्या उठेनात. मला काही कळेना. तेव्हा गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, "तीन वर्षं हिनं पालेभाजी तोंडात घातलेली नाही. वाफ्यात सोनं पिकवायचं आणि गावाला वाटून टाकायचं. मी कितीदा सांगितलं, तुला काय झालंय, तू खा. म्हणते, एका घरात दोन स्वयंपाक कशाला."

"उगी नोका सांगू काईच्या काई," द्वारकाबाई पुटपुटल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही; चुलीकडे तोंड करून नुसत्या बसल्या.

गुरुजींनी वाटीतली अर्धी भाजी काढून भाकरीच्या तुकड्यावर घातली आणि तो तुकडा त्यांच्यापुढे धरला. मी काही बोलणार होते, की काकूंनी वाफ्यातला पालक कितीही खावा, यांची वाटी यांनाच राहू द्या. सुदैवाने बोलले नाही.

द्वारकाबाईंनी तो घास घेतला. मग गुरुजींनी स्वतः एक घेतला, डोळे मिटून, खूप वेळ चावत.

"कसा हाय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"तुझ्या वाफ्यातल्याची सर नाही," गुरुजी म्हणाले. "थोडा पाणचट आहे." आणि मग दोघेही हसायला लागले. त्या दोघांना असं एकत्र हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दहा दिवसांनंतरची तपासणी ठीक आली. गुरुजी त्यानंतर पाच वर्षं जगले आणि त्या पाच वर्षांत दर बुधवारी त्यांच्या पानात एक वाटी असायची. मी तिथे दोन वर्षं होते. पुढे ती ओळ रंजना सांभाळायची, आणि नंतर डॉक्टरांनी आपणहून आणखी तीन रुग्णांची नावं तिच्याकडे पाठवली.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी जेवण झालं, मी हात धुऊन निघाले, तर द्वारकाबाई वाफ्यापाशी उकिडव्या बसून मेथी खुडत होत्या. मला पाहून त्यांनी एक कोवळा शेंडा वर धरला.

"उल्का," त्या म्हणाल्या. मॅडम नव्हे. "हे तं पालकाहून नाजूक राह्यते. यालेबी शेवटचे दोन हप्ते असं उपाशी ठेवता येईन काय व?"

"माहीत नाही, काकू," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

"मंग उद्या मेथीचं बी घेऊन येते," त्या म्हणाल्या. "एक पाइप मोकळा ठेवजो."